आल्टरनेटरची बैठक (स्किड स्टिअर लोडर) : सैलपणा व दुरुस्ती

आल्टरनेटर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) इंजिनाच्या बाजूला धरून ठेवणारा ब्रॅकेट, ज्याभोवती आल्टरनेटर फिरवता येतो तो मुख्य बोल्ट आणि पट्ट्याचा ताण ठरवणारी लांबट खाचेची पट्टी यांना मिळून आल्टरनेटरची बैठक (माउंट) म्हणतात. जुने मिस्त्री आल्टरनेटरला अजून डायनामोच म्हणतात. डायनामोत प्रवाह कॉम्युटेटरने एकदिश होतो, आल्टरनेटरमध्ये डायोडने. बैठकीच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही.

स्किड स्टिअर लोडर, म्हणजे चाके घसरवत वळणारा छोटा लोडर, या यंत्राचा उगम कधीचा मानायचा यावर दोन मते आढळतात. सिरिल व लुई केलर या बंधूंनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९५७ च्या सुमारास टर्कीपालनाचे गोठे साफ करण्यासाठी तीनचाकी लोडर तयार केला. काही लेखक तेथूनच इतिहास सुरू करतात. मात्र त्याचे मागचे चाक मोकळे फिरणारे होते. चारही चाके चालती असून घसरत वळणारे यंत्र म्हणजे मेलरो कंपनीचे १९६० चे एम-४००, आणि स्किड स्टिअर या नावाचा नेमका अर्थ पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बॉबकॅट हे व्यापारी नाव त्यानंतरचे. महाराष्ट्रात ते कोणत्याही कंपनीच्या छोट्या लोडरला सर्रास लावले जाते.

या यंत्रात इंजिन मागे, अरुंद खणात असते. चाकांना स्प्रिंग नसते, आणि वळताना टायर फरफटत असल्यामुळे प्रत्येक हिसका चौकटीतून इंजिनापर्यंत जातो. बॉबकॅट ७५३ व ७६३ मध्ये बसवलेल्या कुबोटा व्ही२२०३ सारख्या डिझेल इंजिनात आल्टरनेटरचा पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. त्यामुळे सैल बैठकीची पहिली तक्रार कधी बॅटरीची असते, तर कधी इंजिन तापण्याची.

बोल्ट सैल का होतो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. गुडियर व स्वीनी या संशोधकांनी १९४५ मध्ये बोल्टवर त्याच्या अक्षाच्या दिशेने वारंवार भार देऊन आट्यांची सरक अभ्यासली. त्या मार्गाने नट फिरतो, पण फार थोडा. गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये आडव्या हादऱ्याचे प्रयोग मांडले. आवळलेले दोन भाग एकमेकांवर आडवे घसरू लागले, की आट्यांमधले घर्षण त्या सरकण्यातच खर्ची पडते. मग आट्यांच्या उतारामुळे असलेला अगदी थोडा उलटा पीळही बोल्ट सोडवायला पुरतो. आल्टरनेटरच्या बाबतीत युंकर यांचा खुलासा जास्त जुळतो, कारण पट्ट्याची ओढ मुख्य बोल्टच्या अक्षाला काटकोनातच असते आणि डिझेलच्या प्रत्येक स्फोटाबरोबर ती कमीजास्त होते. याच कसोटीत साधा स्प्रिंग वायसर फारसा टिकत नाही, हेही दिसून आले. तरी गॅरेजमध्ये तोच पहिला उपाय असतो. मूळ उपाय म्हणजे भाग घसरणार नाहीत इतकी पकड, आणि ती टिकण्यासाठी सपाट, रंगविरहित, न झिजलेले पृष्ठभाग. रंगाचा जाड थर ठेवून आवळला, तर तो थर काही तासांतच दबतो आणि बोल्टचा ताण जातो.

तपासणी इंजिन बंद व थंड असताना करावी. लोडरचे हात जमिनीवर टेकवावेत; केबिन उचलण्यासाठी ते वर ठेवणे भाग असेल, तर कंपनीचा आधार-लॉक लावल्याशिवाय खाली हात घालू नये. आल्टरनेटरच्या पुढच्या बाजूला हाताने जोर देऊन हलवावे. बोल्टच्या डोक्याभोवती लालसर भुकटी, वायसरखाली चकाकणारी कड, पट्ट्याची काळी धूळ आणि खड्ड्यातून जाताना लुकलुकणारा चार्जिंगचा दिवा, या खुणा पुरेशा बोलक्या असतात. मग इंजिन चालू करून पाहावे : मधल्या वेगावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत. बऱ्याच आल्टरनेटरचे अर्थिंग बैठकीतूनच होते. म्हणून दिवे चालू ठेवून आल्टरनेटरची बॉडी व बॅटरीचे ऋण टोक यांमधील व्होल्टेज मोजावे. ते ०.२ च्या वर गेले तर दोष आल्टरनेटरात नसून बैठकीत किंवा अर्थच्या तारेत असण्याची शक्यता अधिक.

दुरुस्तीला आरंभ बॅटरीचे ऋण टोक काढून होतो. आल्टरनेटरच्या जाड तारेवर बॅटरीचे व्होल्टेज सतत असते. पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. मग पट्टा सैल करून आल्टरनेटर पूर्ण उतरवावा. जागेवरच बोल्ट आवळून काम भागवले तर झीज दिसत नाही आणि तीच तक्रार पुन्हा येते. १० मिमी बोल्टचे भोक लांबट झाले असेल, तर ब्रॅकेटचे भोक लेथवर किंवा ड्रिलवर मोठे करून त्यात आतून १० मिमीचा पोलादी बुश (पोकळ नळी) घट्ट बसवतात. ओतीव ब्रॅकेटला तडा असेल तर तो बदलावा. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) वेल्डिंगला निकेल रॉड, आधी तापवणे व हळू थंड करणे लागते, आणि तरीही ते भरवशाचे नसते. पत्र्याचा ब्रॅकेट वेल्ड करता येतो, पण यंत्रावरून उतरवून. जागेवर वेल्डिंग केल्यास डायोड जळण्याचा धोका असतो.

दोन कानांच्या (बोल्ट ओवायच्या दोन कड्यांच्या) आल्टरनेटरमध्ये मागच्या कानात अनेकदा एक सरकणारा पोलादी बुश असतो. बोल्ट आवळताना तो सरकून फट भरतो. गंजाने किंवा रंगाने तो अडकला तर फट तशीच राहते, आणि जोर दिला की अॅल्युमिनियमचा कान तुटतो. हे इतक्या वेळा घडते, की कान तुटलेल्या आल्टरनेटरच्या जागी दुसरा बसवण्याआधी त्याचा बुश हातोडीने हलकेच मागे ठोकून मोकळा आहे का, ते पाहावे. बुश नसलेल्या बैठकीत फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापकाने) फट मोजून तेवढ्या जाडीचा वायसर घालावा.

ब्लॉकमधील आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारे तारेचे वेटोळे) बसवावी. आधी पिच-गेजने पिच (दोन आट्यांमधले अंतर) पाहावा. १० मिमीचे बोल्ट १.२५ व १.५ अशा दोन्ही पिचमध्ये मिळतात, आणि चुकीचा बोल्ट दोन-तीन आटे जातोही. बंद भोकात बोल्ट लांब पडला तर तळाला टेकतो. टॉर्क (आवळण्याचा पीळ) मोजणारा पाना त्यावेळीही ‘कट’ वाजवतो, पकड मात्र शून्य.

कुबोटाच्या पुस्तकांत डोक्यावर ७ ची खूण असलेल्या बोल्टसाठी ८ मिमीला सुमारे २४–२७, १० मिमीला ४८–५६ व १२ मिमीला ७८–९० न्यूटन-मीटर टॉर्क दिलेला असतो. अॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टला कमी लागतो. त्या इंजिनाचा आकडा पाहूनच आवळावे. तेल पुसून निळे, मध्यम प्रतीचे थ्रेडलॉक (आटे चिकटवणारा द्रव) एक-दोन थेंब पुरते. पूर्ण सुकायला २४ तास धरावेत. लाल लावू नये, पुढच्या वेळी बोल्ट तुटतो. खाचेच्या पट्टीच्या बोल्टला थ्रेडलॉक नको, कारण तो वारंवार सोडावा लागतो.

पट्टा ताणताना पहार आल्टरनेटरच्या पुढच्या जाड भागावर टेकवावी. मागच्या झाकणावर टेकवली तर झाकण फुटते. दोन पुलींमधील मोकळ्या लांबीच्या दर १०० मिमीला पट्टा सुमारे १.६ मिमी दबावा, हा सर्वसाधारण नियम. काही कुबोटा पुस्तकांत १० किलोच्या जोराला ७ ते ९ मिमी दिलेले आहे. पट्टा जास्त ताणला तर बेअरिंगबरोबर बैठकही खेचली जाते. पुलींची रांग सरळ पट्टी लावून पाहावी. अर्ध्या अंशाहून, म्हणजे २०० मिमी अंतरात सुमारे पावणेदोन मिमीहून अधिक तिरपेपणा नसावा.

वापरलेल्या यंत्रात आधीच्या हातांची कारागिरी तपासावी लागते : चवड लावलेले वायसर, वेल्ड केलेला नट, दुसऱ्या इंजिनाचा आल्टरनेटर. रुंद कानाचा आल्टरनेटर अरुंद ब्रॅकेटवर घुसवलेला असेल, तर बोल्ट कितीही चांगला आणला तरी रांग जमत नाही. जोडणीनंतर १०–१५ मिनिटे इंजिन चालवून बोल्ट थंड झाल्यावर पाहावेत. पट्टा नवीन असेल तर सुमारे १० तासांच्या कामानंतर ताण पुन्हा मोजावा, आणि बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.