पोलिसांविरुद्ध तक्रार आणि नुकसानभरपाईचा दावा : आमच्या अशिलांसाठी माहिती

कोठडीतील मारहाण, बेकायदा अटक किंवा गुन्ह्यात गोवण्याची धमकी देऊन केलेली पैशांची मागणी अशी प्रकरणे घेऊन येणारे अशील बहुधा वरिष्ठांकडे अर्ज देऊन कित्येक महिने उत्तराची वाट पाहत बसलेले असतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 161 नुसार, कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकाराबाहेर जाऊन पोलिसाने केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो आणि त्याआधी संबंधित अधिकाऱ्याला किमान एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. शासनाला प्रतिवादी करायचे असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. मारहाण हा कर्तव्याचा भाग नव्हेच, म्हणून सहा महिन्यांची अट लागू होत नाही, असा युक्तिवाद करता येतो. परंतु त्यावर विसंबून मुदत जाऊ देणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही.

तक्रारीचा मार्ग वेगळा आहे आणि तो धरल्याने दाव्याची मुदत थांबत नाही. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये दिलेल्या निकालानंतर महाराष्ट्रात पोलीस अधिनियमातील 2014 च्या दुरुस्तीने राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली. तेथे कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी अशा तक्रारी करता येतात. मानवी हक्क आयोगाकडे मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत जावे लागते, आणि आयोग भरपाईची केवळ शिफारस करतो.

पुरावा पहिल्या आठवड्यातच जपावा. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मागणे हा आपला हक्क आहे. पोलीस ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण अठरा महिने, ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष जपावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा आदेश आहे. तरीही ते राखून ठेवण्याचा लेखी अर्ज लगेच देऊन त्याची पोच घ्यावी, कारण मागणी उशिरा झाली की यंत्रणा नेमकी त्या दिवशी बंद असल्याचे कळते.

तडजोडीविषयी इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांचे प्रकरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. 1994 मध्ये केरळ पोलिसांनी त्यांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक केली आणि 1996 मध्ये सीबीआयने तो आरोप खोटा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्यांना 50 लाख रुपयांची भरपाई देववली, पण अधिक रकमेचा त्यांचा दिवाणी दावा पुढे चालवण्याची मोकळीकही ठेवली. तो दावा केरळ सरकारने 2020 मध्ये आणखी 1 कोटी 30 लाख रुपये देऊन मिटवला. त्यानंतरही, 2021 मध्ये, संबंधित अधिकाऱ्यांच्या भूमिकेची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयकडे सोपवली.

म्हणून तडजोडीच्या कागदावर "माझी कोणाविरुद्ध कसलीही तक्रार उरलेली नाही" असे वाक्य असेल, तर सही करण्याआधी तो कागद आम्हाला दाखवावा. दिवाणी दावा मिटवताना फौजदारी फिर्याद किंवा खातेनिहाय चौकशीतील साक्ष मागे घेण्याची अट मान्य करणे अशिलावर बंधनकारक नाही, आणि रक्कम कोणी, किती दिवसांत द्यायची हे न्यायालयात नोंदवलेल्या तडजोडपत्रातच लिहिलेले असावे.