अ‍ॅपवरचा हिरवा आकडा आणि हातात पडलेला नफा
(शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

मार्च संपला की बहुतेक जण मोबाईल पुढे करून म्हणतात, "एवढा नफा झालाय, कर किती ते सांगा." त्या आकड्यात बहुधा न विकलेल्या शेअर्सची वाढही धरलेली असते. ती कागदावरची. कर लागतो तो विकून पदरात पडलेल्या नफ्यावर. म्हणून आधी हे दोन आकडे वेगळे लिहा.

विकलेल्याचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. 50,000 चे शेअर डिलिव्हरीत (म्हणजे त्याच दिवशी न विकता खात्यात ठेवायला) घेतले, दोन महिन्यांनी 51,000 ला विकले. नफा 1,000? दोन्ही वेळचा 0.1 टक्का एसटीटी (शेअरच्या खरेदी-विक्रीवरचा कर) मिळून 101 रुपये, खरेदीवर मुद्रांक शुल्क साडेसात रुपये. ब्रोकरेज शून्य असलं तरी एवढे जातातच. एक्स्चेंजचं शुल्क आणि विक्रीच्या दिवशीचे डीपी चार्जेस (डीमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क) वेगळे. वर वर्षाच्या आत विकले म्हणून 20 टक्के कर (23 जुलै 2024 पासूनचा दर) आणि त्यावर सेस. कर लागू असणाऱ्याच्या हाती सातशेही राहत नाहीत. शिवाय भांडवली नफा काढताना एसटीटी खर्च म्हणून वजा होत नाही, हे ऐकून अनेकांचा चेहरा पडतो.

आता परताव्याची टक्केवारी. समजा, 1 एप्रिलला 1 लाख घातले, जानेवारीच्या सुरुवातीला आणखी 3 लाख, आणि मार्चअखेर खात्याचं मूल्य 4,24,000. चार लाखांवर 24,000, म्हणजे 6 टक्के, असं दिसतं. पण त्यातले तीन लाख बाजारात जेमतेम तीन महिने होते. एक्सआयआरआर (पैसे कोणत्या तारखेला घातले-काढले ते धरून काढलेला वार्षिक परतावा) काढला तर तो साधारण 14 टक्के येतो. एक्सेलमध्ये हे सूत्र तयार असतं: तारखा एका रकान्यात, घातलेले पैसे उणे चिन्हाने, काढलेले आणि शेवटचं मूल्य अधिक चिन्हाने. लाभांश थेट बँकेत जमा होतो, तोही त्याच्या तारखेला मांडा. आलेला आकडा निफ्टीच्या टोटल रिटर्न इंडेक्सशी (लाभांश धरून काढलेल्या निर्देशांकाशी) ताडून पाहा. टीव्हीवर दिसणाऱ्या निफ्टीत लाभांश धरलेला नसतो.

"दहापैकी सात सौदे फायद्यात" यावर आम्ही फारसे खूश होत नाही. सातांत सरासरी 800 मिळाले, तिघांत 2,500 गेले, तर एकूण 1,900 चा तोटाच. नफा चटकन खिशात आणि तोटा 'येईल वर' म्हणून धरून ठेवायचा, ही सवय सगळ्या सौद्यांची नफा-तोट्यासह यादी केली की लगेच उघडी पडते. एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे) करणाऱ्यांनी तर अशी यादी जरूर करावी: बाजार नियामक सेबीच्या पाहणीत 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते.

बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) जाहीर झालेल्या शेअरमध्ये अचानक मोठा तोटा दिसला तर घाबरू नका. भाव आधी उतरतो, बोनस शेअर खात्यात नंतर येतात.

तोटा झाला असला तरी विवरणपत्र मुदतीत भराच. तरच भांडवली तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो. येताना ब्रोकरचा टॅक्स पी अँड एल (करासाठीचा नफा-तोटा अहवाल), लेजर (खातेवही), 31 मार्चचं होल्डिंग स्टेटमेंट आणि बँकेचं स्टेटमेंट आणा. इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) किंवा एफ अँड ओ केलं असेल तर ते धंद्याचं उत्पन्न धरलं जातं, विवरणपत्राचा फॉर्मही वेगळा लागतो. अशांनी जुलैची वाट न पाहता मे महिन्यातच यावं.