हातातला एअरबँड स्कॅनर: स्वस्त कोणता, हे कधी ठरलं?

होळकर संस्थानाने 1935 मध्ये इंदूरला विमानतळ करायचं ठरवलं, तेव्हा टाटांच्या हवाई सेवेतले नेव्हिल व्हिन्सेंट यांचा सल्ला घेतला गेला आणि बिजासन टेकरीजवळची जागा नक्की झाली. हेच व्हिन्सेंट तीन वर्षांपूर्वी, ऑक्टोबर 1932 मध्ये, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला आणलेली टपाल पुढे मद्रासपर्यंत घेऊन गेले होते. त्या विमानात रेडिओ नव्हता. जमिनीवरूनही वैमानिकाला काही कळवण्याची सोय नव्हती; वारा, ढग, उतरायची जागा, सगळं त्याने स्वतःच पाहायचं. आज त्याच टेकरीवर नवरात्राच्या जत्रेला आलेली माणसं डोक्यावरून उतरणारं विमान बघायला थांबतात. वैमानिक आणि विमानतळाचा नियंत्रण टॉवर यांचं बोलणं ऐकावं, ही इच्छा तिथूनच सुरू होते.

मग बाजारात किंवा ऑनलाइन एअरबँड स्कॅनरचा, म्हणजे विमानांच्या फ्रिक्वेन्सी एकामागून एक तपासून बोलणं ऐकवणाऱ्या रेडिओचा, शोध सुरू होतो आणि पहिला प्रश्न किमतीचा येतो. माझ्या मते किमतीचा प्रश्न शेवटी यावा. कोणता संच उपयोगाचा आणि कोणता बिनकामाचा, हे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांतच ठरून गेलं आहे.

युद्धात व्हीएचएफ, म्हणजे अति उच्च फ्रिक्वेन्सीचा, रेडिओ विमानांत सर्रास बसला. नंतर नागरी विमानसेवेसाठी 118 मेगाहर्ट्झपासून वरचा पट्टा राखला गेला आणि आवाज पाठवायची पद्धत एएम, म्हणजे आवाजानुसार लहरीची ताकद बदलणारी, राहिली. पुढे संगीत एफएमवर, म्हणजे लहरीची फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या पद्धतीवर, गेलं, पोलिसांचे वायरलेस एफएमवर गेले, पण विमानं एएमवरच थांबली. यामागे जुनी यंत्रं बदलायचा खर्च आहेच, पण एक भक्कम कारणही आहे. एफएमवर दोघे एकदम बोलले की जोरदार सिग्नल दुबळ्याला पूर्ण दाबून टाकतो. दुसरं कोणी बोलत होतं हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. एएमवर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात, शिटीसारखा सूर येतो आणि कंट्रोलरला कळतं की आणखी कोणीतरी बोलतंय. तो पुन्हा विचारतो. त्या दबलेल्या आवाजात एखाद्या वैमानिकाची मदतीची हाकही असू शकते, म्हणून हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

खरेदीत नेमकं इथेच फसायला होतं. काही हजारांत मिळणारे बाओफेंग यूव्ही-5आर सारखे वॉकीटॉकी 136 मेगाहर्ट्झच्या पुढे आणि एफएमवर चालतात. विमानांचं बोलणं 118 ते 137 मध्ये आणि एएमवर. बटणं कितीही असोत, त्यावर टॉवर ऐकू येत नाही. उलट आखातातून नातेवाइकांनी आणलेल्या जुन्या मल्टिबँड ट्रान्झिस्टरवर ‘एअर’ लिहिलेली पट्टी असे आणि ती खरोखर एएम असे. अडचण होती ती ढोबळ ट्यूनिंगची: शेजारशेजारचे चॅनल एकमेकांत घुसत.

चॅनलही दाट होत गेले. सुरुवातीला दोन चॅनलमध्ये 200 किलोहर्ट्झचं अंतर होतं; वाहतूक वाढली तसं ते 100, मग 50 आणि 1970 च्या दशकात 25 झालं. गर्दीने त्रासलेल्या युरोपने 1999 पासून 8.33 किलोहर्ट्झची वाटणी सुरू केली.

स्कॅनर हे यंत्र अमेरिकेत वाढलं. सुरुवातीच्या बेअरकॅटसारख्या संचांत प्रत्येक चॅनलला वेगळा क्रिस्टल, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीला बांधलेला स्फटिक, विकत घेऊन बसवावा लागे. सत्तरच्या दशकाच्या मध्यास हवी ती फ्रिक्वेन्सी स्वतः तयार करणारा सिंथेसायझर आला, फ्रिक्वेन्सी आकड्यांनी भरता येऊ लागली आणि क्रिस्टलचा खर्च संपला. स्कॅनर सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो या बदलाने. आजचा युनिडेनचा बीसी125एटी दोन पेन्सिल सेलवर चालतो आणि त्यात 500 चॅनल मावतात. अमेरिकेत असे संच शंभर-दीडशे डॉलरच्या आसपास मिळतात. 2012 मध्ये टीव्हीच्या स्वस्त यूएसबी डोंगलमधून विमानांच्या पट्ट्यासकट कितीतरी फ्रिक्वेन्सी ऐकता येतात हे उघड झालं आणि किंमत आणखी उतरली, पण त्याला लॅपटॉप किंवा फोन जोडावा लागतो.

आपल्याकडे मात्र आणखी एक जुनी गोष्ट आड येते. 1933 च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय वायरलेस यंत्र बाळगायलाच मनाई केली. घरच्या रेडिओचा परवाना दरवर्षी पोस्टात जाऊन नवा करणारी पिढी इंदुरात अजून आहे. तो परवाना ऐंशीच्या दशकात गेला, पण सूट मिळाली ती आकाशवाणी ऐकायच्या संचांना. 2023 च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगायला अधिकृत परवानगी लागतेच. 2010 मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात विमानांचं बोलणं ऐकणाऱ्या दोन ब्रिटिश विमानप्रेमींना अटक झाली आणि पुढे दंडही झाला. फक्त ऐकतोय, बोलत नाही, हे कारण पुरत नाही. केंद्राच्या वायरलेस विभागाकडे, म्हणजे डब्ल्यूपीसीकडे, आधी विचारावं आणि पैसे नंतर द्यावेत, असंच मी प्रत्येकाला सांगेन.

परवानगी हातात असेल तर इंदूरकराला महागड्या संचाची गरज नाही. इथला विमानतळ नागरी आहे. लष्करी विमानांचा 225 मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा देणाऱ्या मॉडेलला जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही; युनिडेनचाच साधा बीसी75एक्सएलटी पुरतो. वाचलेले पैसे चांगल्या अँटेनावर घालावेत. व्हीएचएफ सरळ रेषेत जातं, त्यामुळे दहा किलोमीटर उंचीवरचं विमान चारशे किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकतं, पण राजवाड्याजवळच्या गल्लीत, इमारतींच्या आडोशाला, आपलाच टॉवर हरवतो. तिथे वैमानिकाची उत्तरं तेवढी मिळतील. दोन्ही बाजू हव्या असतील तर गच्ची गाठावी लागेल.