लैंगिक छळाची तक्रार: समेटात पैसे नाहीत, पण भरपाई मागता येते, अर्ज असा करा

"पैसे घे, राजीनामा दे आणि विषय इथेच मिटव." कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य म्हणून बसते, तेव्हा तक्रारदार बाईकडून हे वाक्य या ना त्या शब्दांत ऐकायला मिळतं. तिला हे सांगणारा कधी एचआरचा माणूस असतो, कधी साहेबांच्या ओळखीचा, कधी तिचा सख्खा भाऊ. मग ती मला विचारते, "ताई, घेतले तर कायद्यात बसतं का?"

चौकशी सुरू होण्याआधी समेट करता येतो, पण तो पैशांच्या पायावर करता येत नाही. चौकशीत तक्रार सिद्ध झाली तर मात्र नुकसानभरपाई मिळू शकते, आणि ती मागण्यात कसलाही कमीपणा नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा जो कायदा आहे, त्याच्या कलम 10 मध्ये पहिली गोष्ट आहे आणि कलम 13 व 15 मध्ये दुसरी. या दोन्हींची गल्लत झाली की बाई एकतर बेकायदा कागदावर सही करते, नाहीतर हक्काची रक्कम सोडून देते.

पैशांच्या तडजोडीवर बंदी असावी का, यावर वाद आहेच. बंदी नको म्हणणारे विचारतात: नोकरी गेली आहे, घरभाडं द्यायचं आहे, साक्षीदार ऐनवेळी फिरतात, अशा वेळी सज्ञान बाईने रक्कम घेऊन बाहेर पडायचं ठरवलं तर तिला अडवणारे आपण कोण? बंदी हवी म्हणणारे सांगतात की तक्रार विकत घेता येऊ लागली तर पैसेवाल्याला छळाची फक्त किंमत मोजावी लागेल आणि तो उद्या दुसऱ्या मुलीला तेच करील. मला ही दुसरी बाजू पटते. दिल्लीतल्या 2012 च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने तर 2013 च्या अहवालात अशा प्रकरणांत समेटाची वाट ठेवण्यालाच आक्षेप घेतला होता. पण घरभाड्याची अडचण खोटी नाही, आणि तिला उत्तर म्हणून कायद्याने ठेवलेली भरपाई फार कमी वेळा मागितली जाते. अर्जातच तिचा उल्लेख नसतो.

आता अर्जाकडे येऊ.

तक्रार कोण करू शकतं? कोणत्याही वयाची स्त्री. ती कायम नोकरीत असायला हवी असं नाही. कंत्राटी, रोजंदारी, प्रशिक्षणार्थी, बिनपगारी काम करणारी, घरकाम करणारी ताई, इतकंच काय, त्या ठिकाणी फक्त कामानिमित्त गेलेली बाईसुद्धा. कामाचं ठिकाण म्हणजे फक्त ऑफिसची इमारत नव्हे; कामासाठी गेलेली साइट आणि कंपनीने दिलेली गाडीही त्यात येते. तिला स्वतःला अर्ज देणं शारीरिक कारणाने शक्य नसेल तर नातेवाईक, मैत्रीण, सहकारी किंवा महिला आयोगाचा अधिकारी देऊ शकतो. मृत्यू झाला असेल तर घटनेची माहिती असलेली व्यक्ती कायदेशीर वारसाच्या लेखी संमतीने देऊ शकते.

कुठे द्यायचा? दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर तिथल्या अंतर्गत समितीकडे. समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला असते, निम्म्या तरी सदस्य महिला असाव्या लागतात आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला असतो. दहापेक्षा कमी माणसं असलेलं दुकान, पार्लर, दवाखाना, छोटं वर्कशॉप असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे विचारा. तालुक्याला आणि शहरात नोडल अधिकारी, म्हणजे तक्रारी स्वीकारणारा अधिकारी, नेमण्याची तरतूद आहे. त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या ढिसाळ अंमलबजावणीवर बोट ठेवलं, आणि डिसेंबर 2024 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमून स्थानिक समिती स्थापन करण्याचे आदेश दिले. तेव्हा "आमच्याकडे समितीच नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

मुदत तीन महिन्यांची, शेवटच्या घटनेपासून मोजायची. पुरेसं कारण असेल तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. त्यापुढे दार बंद होतं. कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातल्या प्रकरणात 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उशिरा आलेली तक्रार मुदतबाह्यच ठरवली. "बघू, आधी बोलणी होतात का" म्हणत महिने घालवायला लावणारी माणसं असतात. बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. आधी अर्ज द्या.

अर्ज साध्या कागदावर चालतो. मुद्रांक नको, नोटरी नको, फी नाही. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. मूळ अर्ज आणि जोडलेले कागद मिळून सहा प्रती द्याव्या लागतात, आणि साक्षीदारांची नावं-पत्तेही. तुमची एक वेगळी प्रत ठेवा आणि तिच्यावर पोहोच घ्या: तारीख, सही, शिक्का.

मजकुरात "त्यांनी माझा छळ केला" एवढंच लिहून भागत नाही. दिवस, वेळ, जागा, कोण काय बोललं, काय केलं, तेव्हा आसपास कोण होतं, नंतर तुम्ही कुणाला सांगितलंत, हे क्रमाने लिहा. नेमके शब्द कितीही घाणेरडे असले तरी तसेच लिहा. नियुक्तीपत्र किंवा ओळखपत्र, व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलच्या छापील प्रती, कॉलची यादी, हजेरीची नोंद, जे असेल ते जोडा. मूळ मेसेज फोनमधून पुसू नका. यातलं काहीच नसेल तरी अर्ज द्या. तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे.

अर्जाच्या शेवटी मी प्रत्येकीला दोन परिच्छेद घालायला सांगते. पहिला चौकशी चालू असतानाच्या संरक्षणाचा: "माझी किंवा त्यांची बदली करावी, मला तीन महिन्यांपर्यंतची रजा मिळावी, आणि माझ्या कामाचा अहवाल त्यांनी लिहू नये." ही रजा तुमच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. दुसरा परिच्छेद भरपाईचा: "तक्रार सिद्ध झाल्यास कलम 15 नुसार नुकसानभरपाईची शिफारस करावी."

भरपाई ठरवताना समिती मानसिक त्रास, नोकरीतल्या हुकलेल्या संधी, शारीरिक किंवा मानसोपचाराचा खर्च, त्या माणसाचं उत्पन्न आणि आर्थिक स्थिती, आणि रक्कम एकदम देता येईल की हप्त्यांनी, हे पाहते. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची बिलं, समुपदेशनाच्या पावत्या, बिनपगारी रजेच्या महिन्यांच्या पगारपावत्या, अडलेल्या बढतीचा पत्रव्यवहार, हे सगळं एका पिशवीत जमवत जा. समितीच्या खोलीत बसून आकडा ठरवताना समोर एकही बिल नसलं की आमचे हात बांधले जातात. मी हे पाहिलं आहे, आणि त्या दिवसाची बोच अजून आहे.

यातली एक उणीवही सांगायला हवी. ही रक्कम छळ करणाऱ्याच्या पगारातून कापली जाते, कंपनीच्या तिजोरीतून नाही. त्याचं उत्पन्नही मोजलं जातं, त्यामुळे त्रास तेवढाच असला तरी आकडा वेगळा होऊ शकतो. इथे कायदा बदलायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तो माणूस नोकरी सोडून गेला तर त्याने स्वतः रक्कम भरायची असते. न भरल्यास ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्यासाठी जिल्हा अधिकाऱ्याकडे आदेश पाठवता येतो.

अर्ज दिल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत प्रत समोरच्याला जाते, त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी 90 दिवसांत, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, आणि शिफारशीवर मालकाने 60 दिवसांत कारवाई. वकील कुणालाच आणता येत नाही. निर्णय पटला नाही तर 90 दिवसांत अपील करता येतं.

समेट करायचाच असेल तर तो फक्त तुमच्या विनंतीवरून होतो, समितीने किंवा साहेबांनी सुचवून नव्हे. लेखी माफी, त्याची बदली, तुमचा वरिष्ठ बदलणं, अशा अटी घालता येतात. समेट झाला की चौकशी होत नाही. पण त्याने अट मोडली तर समितीला कळवा, मग तिला चौकशी करावी लागते किंवा तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते. पोलिसांचा रस्ता तसाही वेगळा आणि खुला आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली.

कधीकधी कागदावर "समेट" हा शब्दच नसतो. "परस्पर संमतीने राजीनामा", काही महिन्यांचा पगार, आणि खाली बारीक अक्षरात "यापुढे कोणतीही तक्रार करणार नाही, कुठेही वाच्यता करणार नाही." असा कागद समोर आला तर तिथल्या तिथे सही करू नका. त्याची प्रत मागा, घरी न्या, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखवा. महिलांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही.