रुळांवरची सर्कस आणि तिची बिननावाची माणसं

फिरत्या सर्कशीवरची ऐतिहासिक कादंबरी हाती आली की मी वाघ-हत्तींच्या आधी रेल्वेचे डबे शोधतो. कोण कुठल्या डब्यात झोपतं, जेवायला कोण कुणाच्या पंगतीला बसतं, यातच खरी गोष्ट असते. अमेरिकेतल्या सर्कशीचं हे रुळांवरचं जग कसं घडलं ते ठाऊक असलं, तर अशा कादंबरीची गोडी कितीतरी वाढते.

सर्कस सुरू झाली ती एका जागी. १७६८ मध्ये लंडनमध्ये फिलिप अॅस्टली हा माजी घोडदळ सैनिक धावत्या घोड्यावर उभं राहून कसरती दाखवू लागला. घोडा गोल धावला की स्वाराला तोल सांभाळणं सोपं जातं, म्हणून रिंगण आलं. त्याचा ४२ फुटांचा व्यास आजही प्रमाण मानतात. १७९३ मध्ये जॉन बिल रिकेट्सने हा खेळ फिलाडेल्फियात आणला. पुढे १८२५ च्या सुमारास जोशुआ पर्डी ब्राउनने कापडी तंबू ठोकला आणि सर्कशीला पाय फुटले.

पण तिचं स्वतंत्र गाव झालं ते रेल्वेमुळे. १८७२ मध्ये बार्नमच्या सर्कशीत विल्यम कूपने सामान चढवण्याची नवी रीत बसवली. उघडे मालडबे लोखंडी पट्ट्यांनी जोडायचे आणि भरलेले गाडे एका टोकाने चढवून शेवटच्या डब्यापर्यंत ओढत न्यायचे. एका रात्रीत अख्खा पसारा पुढच्या शहरात! पहाटे सगळ्यांत आधी स्वयंपाकाचा तंबू उभा राही. जड कामाला हत्ती जुंपले जात. दुपारी एक खेळ, रात्री एक, आणि रात्रीचा खेळ रंगात असतानाच मागे प्राण्यांचा तंबू उतरवायला घेतलेला असे. कलाकार आणि मजूर यांच्यात मात्र जेवणाच्या तंबूतही अंतर होतं. कादंबरीकार या अंतराकडे पुन्हा पुन्हा का वळतात, ते इथे कळतं.

मजूर वाटेत भरती होत आणि वाटेतच गळत. अनेकांची नावं सोबत्यांनाही माहीत नसत. याचा सर्वांत जीवघेणा पुरावा २२ जून १९१८ चा आहे. इंडियाना राज्यात हॅमंडजवळ हॅगेनबेक-वॉलेस सर्कशीची गाडी पहाटे थांबली होती. मागून आलेली रिकामी लष्करी गाडी तिच्यावर आदळली. लाकडी डब्यांना आग लागली आणि ८६ जण गेले. शिकागोजवळच्या फॉरेस्ट पार्कमध्ये त्यांतल्या अनेकांना पुरलं. तिथल्या काही दगडांवर नुसतं ‘टकल्या’, ‘हसऱ्या’, ‘चार घोड्यांचा गाडीवान’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत, काहींवर फक्त ‘अनोळखी पुरुष’. या दगडांबद्दल वाचल्यापासून कादंबरीतला कोणताही खुंट्या ठोकणारा गडी मला दुय्यम पात्र वाटलेला नाही.

महामंदीत हे जग आणखी कडू झालं. १९३८ मध्ये रिंगलिंग सर्कशीने पगारात २५ टक्के कपात जाहीर केली, मजुरांनी स्क्रँटनमध्ये संप केला आणि त्या सर्कशीचा हंगाम अर्ध्यावर संपला. ६ जुलै १९४४ ला याच सर्कशीचा तंबू हार्टफर्डमध्ये पेटला. पाणी झिरपू नये म्हणून कापडाला पेट्रोलमध्ये विरघळवलेलं मेण लावलेलं होतं, त्यामुळे काही मिनिटांत छत जळून खाली आलं. १६० हून अधिक प्रेक्षक मेले, त्यांत कितीतरी मुलं. ओळख न पटलेल्या एका लहान मुलीला १५६५ या क्रमांकानेच पुरावं लागलं.

१६ जुलै १९५६ ला पिट्सबर्गमध्ये रिंगलिंगने मोठ्या तंबूतला शेवटचा खेळ केला. त्यानंतर त्यांचे खेळ बंदिस्त सभागृहांत होऊ लागले. तिथे ना खांब उभारायचे होते ना दोर ताणायचे. तंबू ठोकणाऱ्या त्या शेकडो हातांची गरजच उरली नाही.