प्रयोगशाळेची खरेदी आणि २०० कोटींची अट

विद्यापीठांच्या निविदांची बहुतेक चौकट जुनी आहे. ‘सामान्य वित्तीय नियम’ हे केंद्र सरकारचे खर्च-खरेदीचे नियम पहिल्यांदा १९४७ मध्ये आले आणि १९६३, २००५ व २०१७ मध्ये नव्याने लिहिले गेले. तांत्रिक आणि दराचा असे दोन लिफाफे, तुलनात्मक तक्ता आणि शेवटी एल-वनला, म्हणजे सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम, ही पद्धत बाकं, कागद, छपाई यांसाठी चालली आणि आजही चालते. घोडं अडतं ते संशोधन उपकरणांपाशी, आणि तो गुंता गेल्या दहाएक वर्षांतला आहे.

ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्राचं ‘जेम’ हे सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल सुरू झालं आणि २०१७ च्या नियमांनी केंद्रीय संस्थांना तिथूनच खरेदी करणं बंधनकारक केलं. महाराष्ट्रात त्याच सुमारास १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका आली, तर सार्वजनिक विद्यापीठांचा नवा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. तीन लाखांच्या वरच्या खरेदीला ई-निविदा हेही तेव्हा अंगवळणी पडलं. तेव्हापासून राज्य विद्यापीठाच्या खरेदी विभागात दोन नियमावल्या शेजारी शेजारी नांदतात. स्वनिधीतून घ्यायचं तर राज्याची पुस्तिका. केंद्रीय संस्थेच्या प्रकल्प अनुदानातून घ्यायचं तर मंजुरीपत्रातल्या अटी, म्हणजे बहुतेकदा केंद्राचे नियम. एकाच विभागातली दोन यंत्रं दोन वेगळ्या वाटांनी येतात, आणि लेखापरीक्षक दोन्ही फायलींना एकाच फूटपट्टीने मोजायला बसतो.

सगळ्यात जास्त वाद ओढवून घेतला तो मे २०२० च्या निर्णयाने. टाळेबंदीतल्या आर्थिक पॅकेजमध्ये घोषणा झाली की २०० कोटींपर्यंतच्या सरकारी खरेदीसाठी जागतिक निविदा काढायची नाही. हेतू लघुउद्योगांना काम मिळावं हा होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण विद्यापीठाच्या दृष्टीने २०० कोटी ही मर्यादा नव्हतीच, ती सरसकट बंदी होती. एवढ्या किमतीचं एक यंत्र कोणतं विद्यापीठ घेतं? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक असो की मास स्पेक्ट्रोमीटर, सगळं या रेषेच्या कितीतरी खालीच येतं.

जूनमध्ये ‘मेक इन इंडिया’ प्राधान्य आदेश सुधारला गेला आणि गाठ पक्की बसली. स्थानिक मूल्य, म्हणजे मालाच्या किमतीतला देशात तयार झालेला वाटा, ५० टक्के किंवा अधिक असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात, २० ते ५० टक्क्यांचा दुसऱ्या वर्गात. २० टक्क्यांच्या खाली असलेल्याला देशांतर्गत निविदेत उतरता येणार नाही, तो फक्त जागतिक निविदा भरू शकतो. आता हे दोन आदेश एकत्र वाचा. परदेशी बनावटीचं यंत्र विकणारा इथला एजंट देशांतर्गत निविदेला अपात्र, आणि तो ज्या निविदेला पात्र आहे ती काढायलाच मनाई. पुढच्या स्पष्टीकरणाने वाहतूक, विमा, बसवणूक, प्रशिक्षण, देखभाल हा खर्च स्थानिक मूल्यात धरायचीही सोय काढून घेतली. जुलैमध्ये सीमेला लागून असलेल्या देशांतल्या बोलीदारांना नोंदणीची अट आली, ती वेगळीच.

वाट अगदी बंद नव्हती. अपवादाची परवानगी आधी मंत्रिमंडळ सचिवालयातून आणावी लागे, नंतर संशोधन साहित्यासाठी ती संबंधित खात्याच्या सचिवांकडे आली. पण ज्या अनुदानाची मुदतच तीन वर्षांची, त्यातले महिने फाइल वर-खाली होण्यात गेले की उरतो मार्चअखेर आणि खर्च न झालेली रक्कम परत करण्याचं पत्र.

याच काळात एक जुना संशय पुन्हा वर आला. स्पेसिफिकेशन एकाच कंपनीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, हा लेखापरीक्षणाचा नेहमीचा आक्षेप. तो दर वेळी खोटा नसतो. कंपनीच्या कॅटलॉगमधला तक्ता जसाच्या तसा निविदेत उतरवलेला पाहिला की कोणीही भुवई उंचावेल. पण प्रयोगाला लागणारं विभेदन, म्हणजे बारीक तपशील वेगळे दाखवण्याची क्षमता, एकाच उत्पादकाकडे मिळतं, असंही खरोखर घडतं. त्यासाठी स्वामित्व प्रमाणपत्र, म्हणजे ही वस्तू एकाच उत्पादकाकडे मिळते असा दाखला असतो, पण त्यावर सही करायला विभागप्रमुख धजत नाहीत. म्हणून स्पेसिफिकेशन सैल केलं जातं, एल-वन येतो, यंत्र बसतं आणि वापराविना झाकून पडतं. अशा यंत्रावर आक्षेप निघत नाही, कारण फाइल नियमाप्रमाणे बरोबर असते.

ऑक्टोबर २०२१ च्या केंद्रीय सूचनांनी निवडीत दराबरोबर गुणवत्तेला कमाल ३० टक्के भार देण्याची मुभा दिली, तीही कामं आणि सेवांसाठी, उपकरणांसारख्या वस्तूंसाठी नाही. विद्यापीठांत तिचा उपयोग तुरळकच झाला, गुण कोणी आणि कसे दिले याचं उत्तर पुढे समितीलाच द्यावं लागतं. जुलै २०२२ मध्ये संशोधन उपकरणांवरची ५ टक्के जीएसटीची सवलत गेली आणि दर १८ टक्के झाला. आधीच्या दराने अंदाजपत्रक मंजूर झालेल्या प्रकल्पांना यंत्राऐवजी त्याचे सुटे भाग कमी करावे लागले.

सैलावणं सुरू झालं २०२४ मध्ये आणि ठळक झालं जून २०२५ मध्ये. केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी कोटेशन न मागवता करायच्या थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख केली, खरेदी समितीमार्फत करायच्या खरेदीची १० लाखांवरून २५ लाख. वैज्ञानिक उपकरणं ‘जेम’बाहेरून घेण्याची मुभा मिळाली. मुख्य म्हणजे २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदेला मान्यता देण्याचा अधिकार कुलगुरू आणि संचालकांकडे आला. २०२० मध्ये जी सही मंत्रिमंडळ सचिवालयात व्हायची ती आता आवारात होते.

मात्र हा आदेश केंद्राचा, केंद्राच्या अखत्यारीतल्या संस्थांसाठी. राज्य विद्यापीठाच्या कुलगुरूंना तो आपोआप लागू होत नाही. त्यांच्या स्वनिधीतल्या खरेदीसमोर राज्याचीच पुस्तिका उभी आहे, आणि प्रकल्प निधीसाठी मंजुरीपत्रातली अट पुन्हा वाचून घ्यावी लागते.