सूर्याचे हौशी छायाचित्रण

निसर्गात पायी भटकताना सूर्य चौकटीत धरून किंवा त्याच्या तिरप्या उजेडात केलेले छायाचित्रण. पायवाटा, उतार, झाडी, पाणवठे हे याचे नेहमीचे विषय. कॅमेरा कोणता यापेक्षा सूर्य क्षितिजापासून किती उंच आहे, यावर चित्र जास्त ठरते.

सूर्य डोक्यावर असताना वाट सपाट दिसते. तोच खाली आला की प्रत्येक खड्याला सावली फुटते आणि चढउतार उठून दिसतात. सूर्य क्षितिजाच्या सुमारे ६ अंश वर ते ४ अंश खाली असतो त्या काळाला ‘गोल्डन अवर’ म्हणतात. नावात तास आहे, पण घड्याळाशी त्याचे जमत नाही. विषुववृत्तावर तो जेमतेम पाऊण तासात उरकतो, तर ध्रुवीय भागात कित्येक तास रेंगाळतो. क्षितिजावरचा प्रकाश डोक्यावरच्या प्रकाशाच्या सुमारे ३८ पट हवा कापून येतो. वाटेत निळा विखुरतो, तांबडा-पिवळा उरतो.

नवशिक्याची पहिली निराशा म्हणजे चित्रात सूर्य टिकलीएवढा उमटतो. आकाशात त्याचा व्यास फक्त अर्ध्या अंशाचा असतो. सेन्सरवरची प्रतिमा भिंगाच्या फोकल लेंग्थच्या (भिंगावर मिमीमध्ये लिहिलेल्या नाभीय अंतराच्या) साधारण ११०व्या भागाइतकी पडते. म्हणजे ५० मिमी भिंगाने अर्धा मिलिमीटरही नाही, ५०० मिमीने साडेचार. मोठ्या बिंबात उभे झाड हवे असेल तर झाडापासून दूर जावे लागते: १० मीटरचे झाड बिंबात मावायला सुमारे ११०० मीटर अंतर लागते. जागा आधी हेरून ठेवावी, कारण दोन मिनिटांत बिंब स्वतःच्या व्यासाइतके सरकलेले असते. शिवाय वातावरणातील अपवर्तनामुळे, बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते तेव्हा सूर्य प्रत्यक्षात पूर्ण बुडालेला असतो.

सूर्य समोर असताना कॅमेऱ्यात येणारा प्रकाश आकाशाच्या हिशेबाने ठरवून आकाश सांभाळले की झाडे काळ्या आकृती होतात, झाडे सांभाळली की आकाश पांढरेफटक पडते. बहुतेक वेळा आकाश सांभाळणेच शहाणपणाचे. भिंगातून प्रकाश आत येण्याचे छिद्र एफ/१६सारखे लहान ठेवून सूर्य फांदीआड अर्धा लपवला तर किरणांचा तारा उमटतो. छिद्राची पाती सम असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट.

सूर्याचे पहिले यशस्वी छायाचित्र फिझो आणि फूको या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी २ एप्रिल १८४५ रोजी डॅगेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटवण्याच्या) पद्धतीने घेतले. त्यात सौर डागही दिसतात. आज हौशी माणसालाही मोठे डाग टिपता येतात, मात्र लाखातला एखादाच भाग प्रकाश आत सोडणारा सौर फिल्टर हवा. तो भिंगाच्या पुढे बसवायचा, डोळ्याकडे नाही. मागे बसवलेला फिल्टर एकवटलेल्या उष्णतेने तडकू शकतो. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून भिंगातून थेट पाहायच्या खिडकीतून) उघड्या भिंगाने सूर्य पाहिल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. फिल्टर काढायची मुभा फक्त खग्रास ग्रहणात, तीही बिंब पूर्ण झाकलेले असेपर्यंतच.